नाशिकरोड ते सीबीएस: लाइट रेलची बाजू कशी मांडायची

‘शहराला चांगली वाहतूक द्या’ असं निवेदन घेऊन गेलात तर साहेब हसून घेतात, पोच देतात आणि विषय तिथेच संपतो. त्या मागणीत त्यांनी उद्या सकाळी करायचं असं काही नसतं. ‘नाशिकरोड ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) या रस्त्यावर रुळांसाठी दोन मार्गिका वेगळ्या काढता येतील का ते तपासा, आणि पर्यायांमध्ये लाइट रेल धरा’ असं लिहिलंत तर कुणाला तरी नकाशा उघडावा लागतो. लाइट रेल म्हणजे रस्त्याच्या पातळीवर रुळांवरून विजेवर धावणारी छोटी गाडी, ट्रामचाच नवा अवतार. म्हणून पहिलं काम म्हणजे एक रस्ता निवडणं. अख्ख्या शहराची बाजू मांडायला जाऊ नका.

मी नाशिकरोडला राहते. सगळी नोकरी वीज उपकेंद्रांत गेली. निवृत्तीनंतर सोसायट्यांच्या सभांत, ज्येष्ठ नागरिक संघात, प्रेसमधल्या, म्हणजे इथल्या सरकारी नोटा-मुद्रांक छापखान्यांतल्या, जुन्या ओळखीच्या लोकांपुढे हा विषय मांडत असते. नाशिकच्या उदाहरणाने सांगते, तुम्ही तुमचा रस्ता घ्या.

आमचा रस्ता सरळ आहे. रेल्वे स्टेशन, दत्तमंदिर, उपनगर, गांधीनगर, द्वारका, सारडा सर्कल, सीबीएस. एका टोकाला स्टेशन आणि दोन्ही प्रेस, दुसऱ्या टोकाला बसस्थानक, न्यायालय, जिल्हा रुग्णालय. लाइट रेलला असाच रस्ता लागतो: दोन्ही टोकांना गर्दी, मधे वस्ती, आणि दिवसभर दोन्ही बाजूंनी येजा. जिथे सकाळी सगळे एकाच दिशेने जातात आणि दुपारी रस्ता ओस पडतो, तिथे बसच बरी. तुमचा रस्ता तसा असेल तर लाइट रेलचा हट्ट धरू नका. एका ठिकाणी चुकीची मागणी केली की पुढे योग्य ठिकाणीही कुणी ऐकत नाही.

मग मोजणी. वाहनं मोजू नका, माणसं मोजा. आपल्याकडे रस्त्याचा प्रत्येक अभ्यास वाहनांपासून सुरू होतो, आणि त्यात चौघांची रिक्षा, एकट्याची कार आणि साठ माणसांची बस असा प्रत्येकी एकेक आकडा पडतो. द्वारकेच्या अलीकडे एक जागा धरा, जिथून गाडीच्या आतलं दिसतं. वहीत रकाने पाडा: दुचाकी, रिक्षा, कार, कंपनीची बस, शहर बस. वाहनामागे रेघ मारायची नाही, आत किती डोकी आहेत तो आकडा लिहायचा. दोघीजणी असाव्यात, एक बोलणारी आणि एक लिहिणारी. बसमध्ये नेमका आकडा कळत नाही, तिथे ‘बसायला जागा’, ‘उभे’, ‘दारात लटकलेले’ अशा तीन खुणा ठेवा. पंधरा मिनिटं मोजायचं, पंधरा मिनिटं विश्रांती, पुन्हा पंधरा मिनिटं. सकाळच्या गर्दीत एकदा, संध्याकाळी एकदा आणि एकदा भर दुपारी. दुपारची मोजणी लोक टाळतात, पण तीच महत्त्वाची, कारण दिवसभर प्रवासी मिळतील का हा प्रश्न पहिल्याच सभेत येतो. तारीख, वार, हवामान, जवळ लग्नाचा हॉल असेल तर मुहूर्त होता का, सगळं वहीच्या कडेला लिहा.

आता हे आकडे गाडीशी ताडून बघा. केंद्राने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’चे, म्हणजे लाइट रेलचेच, निकष काढले. त्यातली गाडी तीन डब्यांची, साधारण ३०० प्रवाशांची, रस्त्याच्या पातळीवर पण स्वतःच्या वेगळ्या मार्गिकेत धावणारी. दर पाच मिनिटांना एक गाडी म्हणजे तासाला १२, म्हणजे एका दिशेला ३,६०० माणसं. तेवढीच माणसं साठ-साठच्या बसने न्यायची तर तासाला ६० बस, म्हणजे दर मिनिटाला एक. द्वारकेच्या सिग्नलला हे कसं दिसेल ते सभेतल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या मोजणीत माणसं याहून फारच कमी भरली, तर तेही प्रामाणिकपणे मांडा आणि आधी स्वतंत्र बसमार्गिका मागा. रूळ नंतर त्याच जागेत टाकता येतात. एकदा उड्डाणपुलाचे खांब उभे राहिले की ती जागा गेलीच.

‘स्वच्छ’ या मुद्द्यावर मात्र सावध राहा. आपली माणसं इथेच घसरतात. ‘प्रदूषण शून्य’ असं फलकावर लिहू नका. नाशिकरोडहून एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. २१० मेगावॉटचे तीन संच कोळशावर चालतात हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. विजेवरची गाडी रस्त्यावर धूर सोडत नाही, पण वीज कुठून तरी येतेच. हे आपणहून सांगा, आणि मग पुढचं सांगा. स्टीलचं चाक स्टीलच्या रुळावर फिरताना होणारा विरोध रबरी टायरच्या मानाने कितीतरी कमी असतो, त्यामुळे तेवढीच माणसं न्यायला वीज कमी लागते. दुसरं, ब्रेक लावला की मोटर जनित्रासारखी चालते आणि वीज वरच्या तारेत परत सोडते. ती वीज जवळपासची वेग घेणारी दुसरी गाडी खेचून घेते. जवळ दुसरी गाडी नसेल आणि उपकेंद्राची परत घेण्याची सोय नसेल, तर ती रोधकांत (रेझिस्टरमध्ये) उष्णता होऊन जाते. म्हणून गाड्या जितक्या थोड्या-थोड्या वेळाने धावतात तितकी बचत खरी होते. मी हे सांगायला लागले की तांत्रिक माणसं खुर्चीत पुढे सरकतात.

तिसरं, टायरची धूळ. इलेक्ट्रिक बस आली तरी टायर झिजतोच आणि त्याचे बारीक कण आपण श्वासातून घेतोच. रुळावरही झीज होते, पण टायरची ती काळी भुकटी तिथे नसते. राहिला कोळसा. तिथे कॅनडातल्या कॅलगरीचा दाखला द्या. तिथल्या लाइट रेलने २००१ पासून पवनऊर्जेची वीज घेतली. डिझेलच्या बसचं इंधन तुम्ही बदलू शकत नाही, विजेच्या तारेमागचा स्रोत मात्र पुढे कधीही बदलता येतो. माझ्या मते स्वच्छतेचा सगळ्यात पक्का युक्तिवाद हाच आहे.

आता आक्षेप. नाशिकमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘आपली निओ मेट्रो मंजूर होती ना?’ १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींच्या नाशिक मेट्रोचा उल्लेख झाला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. निओ म्हणजे रबरी टायरची, वरच्या तारेवर चालणारी लांब बस. तिला वाईट म्हणू नका, त्या मागणीमागेही शहराचं हितच होतं. एवढंच विचारा, की उन्नत, म्हणजे खांबांवरचा, मार्ग बांधायचाच असेल तर त्याचा खर्च आणि रस्त्याच्या पातळीवर रूळ टाकण्याचा खर्च शेजारी शेजारी मांडलेत का? शिवाय जमिनीवरच्या थांब्याला जिना चढावा लागत नाही. ज्येष्ठ नागरिक संघात हा एकच मुद्दा पुरतो.

दुसरा आक्षेप कोलकात्याचा. १८७३ पासूनची ट्राम, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढा मार्ग ठेवून बाकीची बंद करण्याचं जाहीर केलं. उत्तर द्या, की रुळांवर मोटारी चालू दिल्या की ट्राम मोटारींच्याच वेगाने रांगते. म्हणून वेगळी मार्गिका ही आपली पहिली अट आहे. ती काढून टाकली तर प्रकल्पाला आपणच विरोध करायचा.

तिसरा, आणि सगळ्यात खरा, दुकानदारांचा. त्यांच्याकडे सभेआधी जा, एकेकट्याकडे जा, आणि आधी ऐकून घ्या. गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार, माल कधी उतरवायचा, खोदकाम किती महिने, हे त्यांचे प्रश्न रास्त आहेत. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गमध्ये हीच भीती होती. १९८९ मध्ये कॅथरीन ट्रॉटमान ट्रामचं आश्वासन देऊन महापौर झाल्या, गावातल्या मुख्य चौकातून जाणारी मोटारींची वाहतूक बंद केली आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये ट्राम सुरू झाली. आज तिथे अनेक मार्ग आहेत. पण नुसतं फ्रान्स सांगून भागत नाही. माल उतरवायची वेळ ठरवून मिळावी आणि काम चालू असताना नुकसानभरपाई मिळावी, हे आपल्या निवेदनात त्यांच्या सहीसह घाला.

खर्च वाढण्याची भीती दडपू नका. एडिनबराची ट्राम २०१४ मध्ये उशिराने आणि ठरल्यापेक्षा खूप जास्त पैशांत, ७७ कोटी ६० लाख पौंडांना, सुरू झाली. तिथे जमिनीखालच्या वाहिन्या हलवण्याचं काम फार रेंगाळलं. त्यामुळे पाणी, ड्रेनेज आणि वीज यांच्या वाहिन्यांचा नकाशा आधी मागा. आपल्या पेठांमध्ये तो किती खरा असेल, हे विचारणं तर फारच गरजेचं.

जुन्या नाशिककरांपुढे बोलताना एक गोष्ट जरूर सांगा. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत एकेकाळी घोड्यांची ट्राम होती. अडीच फुटी रूळ, गंजमाळला कचेरी, आणि सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. ‘आपल्याकडे हे चालायचं नाही’ म्हणणाऱ्याला याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

कागदांचं थोडक्यात. २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणानुसार केंद्राची मदत मागायची तर शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा आणि पर्यायांचं विश्लेषण लागतं. या दोन्हींच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, पालिका, सार्वजनिक बांधकाम की महामार्ग, हेही त्याच अर्जात विचारा, नाहीतर वर्षभर चुकीच्या दारात उभे राहाल.

निवेदन एका पानाचं ठेवा. महापालिकेच्या राजीव गांधी भवनात देताना मी साधारण असा मसुदा वापरते:

‘नाशिकरोड ते सीबीएस मार्गावर आम्ही केलेली प्रवासी मोजणी सोबत जोडली आहे. पर्यायांच्या विश्लेषणात स्वतंत्र मार्गिकेतील लाइट रेल, स्वतंत्र बसमार्गिका आणि उन्नत मार्ग या तिन्हींची तुलना प्रति प्रवासी खर्च, वीज व इंधन आणि थांब्यापर्यंत पोचण्याची सोय या निकषांवर करावी. निर्णय होईपर्यंत या रस्त्याच्या मध्यभागी कायमस्वरूपी बांधकाम करू नये. मोजणीची मूळ वही तपासणीसाठी उपलब्ध आहे.’

खाली प्रवाशांच्या सह्या घ्या, आणि प्रत्येक सहीपुढे ती व्यक्ती कोणत्या थांब्यावर चढते ते लिहून घ्या. दुसरी प्रत प्रभागाच्या नगरसेवकांना, तिसरी आमदारांना. पोच घेताना आवक क्रमांक नीट उमटलाय का ते तिथेच खिडकीपाशी उभं राहून बघा.