माटोळी: चवथीच्या दिवसांतील घरचा अभ्यास

मुलांना घरीच शिकवणाऱ्या गोव्यातील पालकांनी भाद्रपदातील अभ्यासाचा विषय म्हणून माटोळी निवडावी, कारण गणपतीच्या मूर्तीच्या वर टांगल्या जाणाऱ्या त्या लाकडी चौकटीत श्रद्धा आणि वनस्पतिशास्त्र एकत्रच बांधलेले असतात. चवथीच्या आदल्या दिवशी नारळ, सुपारीचे घड, तोरिंग (लिंबूवर्गीय मोठे फळ), आंबाडे आणि रानातून आणलेली फळे बांधण्यापूर्वी मुलाने प्रत्येकाचे चित्र काढून घरातील वडीलधाऱ्यांकडून त्याचे स्थानिक नाव लिहून घ्यावे. माटोळीतील माट्टी (ऐन) या वृक्षाच्या फळाला पाच पंख असतात. ते वाऱ्यावर कसे पसरत असेल, हे मुलालाच सुचू द्यावे. माटोळीत बांधल्या जाणाऱ्या कळलावी या वेलीच्या पानाचे टोक वेटोळे होऊन आधार धरते आणि तिच्या पाकळ्या पिवळ्याच्या लाल होत जातात, म्हणून तिचे निरीक्षण रोज एकाच वेळी करावे. मात्र या वनस्पतीत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे विष असल्याने ती मोठ्यांनीच हाताळावी. पूजेचा अर्थ सांगण्याचे काम आजीकडे सोपवावे. पुस्तकापेक्षा ते तिलाच अधिक साधते. विसर्जनानंतर उतरवलेल्या फळांतील बिया निरखून कुंडीत पेराव्यात.