रॉबर्ट बर्न्सच्या आईचं माहेर कसं शोधायचं

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याचं घराणं धुंडाळताना बहुतेक जण वडिलांकडून सुरुवात करतात आणि आईपाशी अडतात. म्हणून आधी तिचंच नाव घ्या: अ‍ॅग्नेस ब्राऊन. ‘मिसेस बर्न्स’ म्हणून शोधू नका. लग्नानंतर आडनाव बदलतं हे आपलं गृहीतक इथे चालत नाही. स्कॉटलंडच्या जुन्या नोंदवहीत आणि थडग्यावरही बाई बहुधा माहेरच्या आडनावानेच राहते.

शोध शेवटाकडून मागे न्या. १ जानेवारी १८५५ पासून तिथे सरकारी नोंदणी आहे आणि मृत्यूच्या नोंदीत आईवडील दोघांची नावं, आईचं माहेरच्या आडनावासह, विचारली जातात. कवीच्या सहा भावंडांपैकी त्या काळापर्यंत जगली एकटी धाकटी इझाबेला (मृत्यू १८५८). पहिली नोंद तिची काढा. त्याआधीचं सगळं पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, वहीत मिळतं. ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही आहेत. पानाची प्रत पैसे भरून मिळते.

पुढची पायरी, एअर पॅरिशच्या वहीतली कवीची १७५९ ची नोंद: जन्म २५ जानेवारी, बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी. तिथून आईच्या जन्माकडे जा. १७ मार्च १७३२, कर्कऑस्वाल्ड पॅरिशमधलं क्रेगेन्टन शेत. वडील गिल्बर्ट ब्राऊन, आई अ‍ॅग्नेस रेनी. इथे एक चूक हमखास होते. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून काही जण हे साल १७३३ करून टाकतात. स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारी धरला होता, तेव्हा साल आहे तसंच ठेवा.

स्पेलिंगवर विसंबू नका. ब्राऊनची दोन रूपं सापडतात, बर्न्सची त्याहून जास्त. वडील आडनावात शेवटच्या ‘एस’च्या आधी एक जादा ‘ई’ लिहीत, मुलांनी ती १७८६ मध्ये सोडली. शोधताना मधल्या अक्षरांच्या जागी तारांकन टाका.

आता पडताळणी. आजोबांचं नाव नातवाला देण्याची चाल आपल्यासारखीच तिथेही होती, फक्त तिचा क्रम ठरलेला. थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांवरून (रॉबर्ट), दुसरा आईच्या वडिलांवरून (गिल्बर्ट), थोरली मुलगी आईच्या आईवरून (अ‍ॅग्नेस). तिन्ही जुळतात. दुसऱ्या मुलीचं नाव मात्र वडिलांच्या आईवरून, इझाबेला कीथवरून, यायला हवं होतं; ती अ‍ॅनाबेला झाली आणि इझाबेला हे नाव शेवटच्या मुलीला गेलं. म्हणजे क्रम हा दुजोरा आहे, पुरावा नव्हे.

गिल्बर्ट ब्राऊनच्या मुलांत गोंधळ होतो. अ‍ॅग्नेस दहा वर्षांची असताना आई गेली, वडिलांनी पुन्हा लग्न केलं आणि तिला मेबोलला आजीकडे धाडलं. प्रत्येक मुलाची आई तपासल्याशिवाय ओळ जोडू नका.

आईकडची दूरची माणसंही गाळू नका. मला इथेच सर्वात मोलाचं सापडतं असं वाटतं. लेखक डॉ. जॉन मूर यांना १७८७ मध्ये लिहिलेल्या पत्रात बर्न्स लहानपणी भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हातारीचे उपकार मानतो, पण नाव देत नाही. ती बेटी डेव्हिडसन, आईच्या नात्यातली विधवा. १७७५ मध्ये मोजणी शिकायला तो कर्कऑस्वाल्डला गेला, तेव्हा राहिला सॅम्युअलमामाकडे.

थडगी पाहायची तर आईचं अ‍ॅलोवेत शोधू नका. तिथे वडील आहेत (मृत्यू १७८४). ती धाकट्या मुलाकडे, गिल्बर्टकडे, राहिली, १४ जानेवारी १८२० ला वारली आणि तिला पुरलं ईस्ट लोदियनमधल्या बोल्टनच्या चर्चआवारात.