जुनं लाकडी घर दुरुस्त करताय? या चुका टाळा

कोकणात १९२० ते १९४० च्या दरम्यान बांधलेली साधी घरं अजून उभी आहेत. ओटी, माजघर, मागची पडवी, जांभ्याच्या भिंती, सागाचे नाहीतर फणसाचे खांब आणि वर मंगळुरी कौलं. कित्येक घरं मुंबईच्या मनीऑर्डरींवर उभी राहिली. वाड्यासारखा चौक नाही, नक्षी नाही, त्यामुळे घरातलेच विचारतात, ‘यात जपण्यासारखं काय आहे?’

पहिली चूक इथेच होते. गावच्या सुताराने खाचा पाडून आणि लाकडी खुंट्या ठोकून तुळया कशा बसवल्या, पेंढ्याच्या छपराखालची माणसं कौलांखाली कशी आली, हे कागदावर फारसं कुठे नाही. ते या घरांत आहे.

‘सरकारच्या यादीत नाही, म्हणजे वारसा नाही’ हाही गैरसमज. केंद्राच्या १९५८ च्या स्मारक कायद्याला किमान १०० वर्षांचं वय लागतं, म्हणून १९३२ चं घर त्यात बसतच नाही. पण मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने इमारतींबरोबर संपूर्ण परिसरही जपायचं ठरवलं. गिरगावातल्या खोताच्या वाडीतली लाकडी घरं एकेकटी पाहिली तर साधीच आहेत. त्यांची किंमत कळते ती ओळीने पाहिल्यावर.

घराचं वय ठरवताना कौलावरच्या आकड्याला फसू नका. मंगळूरला कौलं बनवणाऱ्या बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कौलांवर १८६५ असतं. ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, तुमच्या घराचं नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले, त्यामुळे कौलावर ते नाव दिसलं तर कौल युद्धानंतरचं. तरीही कौलं मागाहून बदललेली असू शकतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरांच्या करआकारणीची नोंद), घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि वाटणीपत्र यांच्याशी ताडून बघा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: सिमेंट. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजते. मग ओल वर चढत तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकापर्यंत जाते आणि लाकूड आतल्या आत कुजतं. खोलीतून दिसणारा भाग मात्र ठणठणीत. आमच्या आजोळी माजघराला सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइल पेंट दिला. घर छान दिसायला लागलं म्हणून सगळे खूश होते. काही पावसाळ्यांनंतर भिंतीलगत तुळईला टोचा लावला, तर तो बोटभर सहज आत गेला. तो गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचा करताना भिंत किती ओली होती ते कळलं. ते कुजणं वेळेत कळलं असतं तर तुळई वाचली असती, याची हळहळ मला आजही वाटते.

खांबांचंही तसंच. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे लाकडाला ओल लागत नाही. शेणाची जमीन काढून लाद्या बसवल्या की जमीन चार बोटं वर येते, तळखडा गाडला जातो आणि खांबाचा पाय कायम दमट राहतो. लाद्या बसवायच्याच असतील तर खांबाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. पाय कुजलाच असेल तर सगळा खांब फेकू नका. तुळईला टेकू द्या, कुजलेला भाग तेवढा कापा आणि त्याच जातीचं सुकलेलं लाकूड तिरक्या जोडाने बसवा. मात्र असा सांधा करणारा सुतार शोधायला वेळ लागतो. कामाची घाई त्यासाठी थांबवावी.

दार पावसाळ्यात अडकतं म्हणून लगेच रंधा मारू नका. दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर पुन्हा बघा. तेव्हाही अडकत असेल तर चौकट तिरकी झाली आहे का आणि शेजारचा खांब खचलाय का ते तपासा. वाशांतून भुसा पडत असेल तर फवारणीआधी खाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. नवा भुसा पडला नाही तर किड्यांनी पाडलेली ती भोकं जुनी आहेत. चकचकीत व्हार्निशऐवजी बेलतेलाचा (जवसाच्या तेलाचा) पातळ हात पुरतो.

आणि जुनी दारं, खांब विकत घ्यायला फिरणाऱ्यांना ‘विचार करून सांगतो’ असंही म्हणू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यालाही १०० वर्षांचीच अट आहे, त्यामुळे १९३५ चं दार उचलून नेताना त्यांना कुणी अडवत नाही. नाही म्हणणारे तुम्हीच. छप्पर उतरवायचं असेल तर आधी प्रत्येक वाशाचा फोटो काढा आणि क्रमांक घाला. तुळयांच्या टोकांना सुताराच्या जुन्या खुणा कोरलेल्या सापडल्या, तर त्या तासून टाकू देऊ नका.