इलेक्ट्रिक गाडीत रडार डिटेक्टर हार्डवायर करताय? या चुका टाळा

रडार डिटेक्टर म्हणजे पोलिसांच्या स्पीड रडारचा सिग्नल ओळखून इशारा देणारं छोटं यंत्र, आणि हार्डवायर म्हणजे ते थेट गाडीच्या वायरिंगला जोडणं. पेट्रोल गाडीत डिटेक्टर बसवला होता, मग इलेक्ट्रिकमध्ये पण तेच करायचं, १२ व्होल्टच आहे ना, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. वायर नीट ओढली, फ्युज टाकला, सगळं मस्त चालू झालं आणि तीन दिवसांनी गाडीने १२ व्होल्ट बॅटरी कमी असल्याची वॉर्निंग दिली. मेन बॅटरी तेव्हा ७० टक्क्यांवर होती! म्हणून सविस्तर लिहितोय, कारण या कामात वायर जोडणं सोपं आहे, गाडी झोपते कधी (म्हणजे तिची सगळी यंत्रणा खरोखर बंद कधी होते) हे ओळखणं अवघड आहे.

त्याआधी एक गोष्ट. जिथे गाडी चालवणार तिथला कायदा बघून घ्या. अमेरिकेत खासगी गाडीत डिटेक्टर बहुतेक ठिकाणी चालतो पण व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये बंदी आहे, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्येही बंदी आहे. तिथे तो नुसता बंद करून ठेवला तरी चालेलच असं समजू नका.

सगळ्यात मोठी चूक: कायम चालू असलेल्या वायरवर जोडणं

डिटेक्टर तसा कमी खातो, साधारण पाव अँपिअर. पण पाव अँपिअर २४ तास म्हणजे ६ अँपिअर-अवर. इलेक्ट्रिक गाडीतली १२ व्होल्टची बॅटरी बऱ्याचदा छोटी असते कारण तिला स्टार्टर फिरवायचा नसतो, ४५ अँपिअर-अवरची धरली तरी चार दिवसांत अर्ध्याहून जास्त रिकामी. बऱ्याच गाड्या हे ओळखतात आणि स्वतःच जाग्या होऊन डीसी-डीसी कन्व्हर्टरने (जास्त व्होल्टेजचं कमी करणाऱ्या यंत्राने) मेन बॅटरीतून तिला चार्ज करतात, त्यामुळे गाडी बंद पडत नाही पण रात्रीतून पुन्हा पुन्हा उठते, रेंज कमी झालेली दिसते आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर ती लवकर म्हातारी होते. जी गाडी असं करत नाही तिची १२ व्होल्ट बॅटरी सरळ झोपते, आणि मग मेन बॅटरी ८० टक्के असली तरी काही उपयोग नाही, कारण तिचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच) जोडले जायला १२ व्होल्टच लागतात. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत चार्जर लावूनही काही होत नाही.

म्हणजे आपल्याला अशी लाईन हवी जी गाडी झोपली की मरते. ती शोधतानाच बहुतेकांचं चुकतं. लोक दार उघडं ठेवून, चावी खिशात ठेवून मल्टीमीटर लावतात, पण अशा वेळी गाडी जागीच असते, जवळजवळ सगळ्याच लाईनवर व्होल्ट दिसणार. नीट पद्धत अशी की काच खाली करा, मीटरच्या वायरी जरा लांब जोडून बाहेर काढा, दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने फिरवून गाडीला दार बंद आहे असं वाटू द्या (नंतर हँडल ओढून ते परत उघडायला विसरू नका, नाहीतर दार जोरात लावल्यावर लॅच बिघडेल), लॉक करा, चावी आणि फोन दोन्ही लांब ठेवून या. मग थांबा. काही गाड्या पाच मिनिटांत झोपतात, काहींना अर्धा तास किंवा जास्त लागतो, आणि मधे अ‍ॅप उघडून बघितलं तर गाडी परत जागी होते, हा मोह अगदी आवरा. एवढं करून लाईन शून्यावर आली तर ती तुमची लाईन.

खरं सांगायचं तर तुमचं १२ व्होल्टचं सॉकेट गाडीबरोबर बंद होत असेल तर त्याच सॉकेटच्या फ्युजवरून घ्या, उगाच दुसरीकडे खोदकाम करू नका. आणि 'डिटेक्टरमध्ये ऑटो-ऑफ आहे' यावर विसंबू नका, ते काही तासांनी बंद करतं, ते तास रोजचे असतात.

व्होल्टेज न मोजता जोडणं

जागी असताना बऱ्याच गाड्यांत १३ ते साडेचौदा व्होल्ट दिसतात, झोपल्यावर चांगल्या लेड-अ‍ॅसिडला १२.६ च्या आसपास. पण टेस्लाच्या नव्या गाड्यांत लिथियम-आयन लो-व्होल्टेज बॅटरी आहे, तिथे आकडा १५-१६ पर्यंत जातो, आणि सायबरट्रकची सिस्टीम तर ४८ व्होल्टची आहे, तिथे कन्व्हर्टर न लावता डिटेक्टर जोडला तर तो गेलाच. डिटेक्टरच्या लेबलवर किती व्होल्ट चालतात ते लिहिलेलं असतं, आधी ते वाचा.

फ्युज टॅप उलटा बसवणं

फ्युज टॅप म्हणजे फ्युजच्या जागी बसून तिथून जादा वायर काढून देणारा तुकडा. फ्युज काढा, रिकाम्या स्लॉटच्या एकेका बाजूला मीटर लावून बघा, ज्या बाजूला व्होल्ट येतात ती सप्लायची बाजू. टॅप असा बसवा की डिटेक्टरचा करंट जुन्या फ्युजमधून न जाता स्वतःच्या फ्युजमधून जाईल. डिटेक्टरला २ अँपिअरचा फ्युज भरपूर झाला. साईजही बघा, मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ दिसायला जवळजवळ सारखे वाटतात पण जबरदस्तीने घातले तर स्लॉटची पकड सैल होते. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग यांच्या फ्युजला हातच लावायचा नाही.

टेस्लाच्या मॉडेल ३ सारख्या काही गाड्यांत केबिनच्या लाईनला साधे फ्युज नसून इलेक्ट्रॉनिक असतात, तिथे टॅप लावायला जागाच नाही. मग लोक आतल्या आरशाच्या कनेक्टरवरून घेतात. चालतं, पण आरशाजवळ आता कॅमेरा आणि पावसाचा सेन्सरही असतो, त्यामुळे वायरचा रंग बघून अंदाज लावू नका, गाडीचा वायरिंग डायग्राम बघूनच ठरवा. वायरला दातांनी चावणारे टी-टॅप मला अजिबात आवडत नाहीत, बारीक वायरचे तार तुटतात आणि सहा महिन्यांनी हळूच सैल होतात.

वायर ओढताना

ए-पिलरमध्ये (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) कर्टन एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून गेली तर एअरबॅग उघडताना अडकू शकते, म्हणून ती मागून, आधीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बांधून न्या. काही गाड्यांत पिलरच्या पॅनेलची क्लिप एकदाच वापरायची असते, काढलीत तर नवीन लावा.

केशरी केबल दिसली की तिथून हात मागे घ्या, ती हाय व्होल्टेज आहे, गाडीनुसार ४०० किंवा ८०० व्होल्टच्या आसपास. डिटेक्टरच्या कामात तिच्याजवळ जायची गरजच पडत नाही.

ग्राउंड (मायनसची वायर) बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर घ्या. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर नको, तिथे बऱ्याचदा करंट मोजणारा सेन्सर असतो आणि हिशोब चुकतो. १२ व्होल्ट बॅटरी काढायची वेळ आली तर पुढचं बॉनेट उघडंच ठेवा, काही गाड्यांत ते इलेक्ट्रिक लॅचचं असतं आणि बॅटरी आतच अडकते.

अजून एक, दुसऱ्या ब्रँडची पॉवर केबल टेलिफोनसारख्या प्लगमध्ये बरोबर बसते म्हणून लावू नका. प्लस-मायनस उलटे असू शकतात.

बसवल्यावर काहीतरी बिघडलंय?

ब्रेक दाबला की रिस्टार्ट होतो: ग्राउंड सैल आहे, बहुतेक वेळा रंग खरवडलेला नसतो.

गाडी उभी असताना मध्यरात्री स्वतःच चालू होतो: गाडी बॅटरी चार्ज करायला किंवा अपडेटसाठी उठली असेल. कधीतरी झालं तर ठीक, रोज रात्री अनेकदा होत असेल तर लाईन परत मोजा.

रेडिओत किरकिर: वायरवर फेराइट (किरकिर अडवणारी चुंबकीय कडी) लावा आणि अँटेनाच्या केबलपासून लांब घ्या.

के बँडचा (पोलीस रडार वापरतात त्यातला एक फ्रिक्वेन्सी पट्टा) अलर्ट सारखा वाजतो: वायरिंगला दोष देऊ नका. ब्लाइंड स्पॉटचे बरेच रडार २४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि तो के बँडचाच भाग आहे, मग ते शेजारच्या गाडीचं असो की तुमच्या स्वतःच्या. डिटेक्टरच्या सेटिंगमध्ये त्याचा फिल्टर असेल तर चालू करा.

अलर्ट येतच नाही किंवा फार उशिरा येतो: काचेवर उष्णता अडवणारा धातूचा थर असेल तर सिग्नल आत येत नाही. अशा काचेवर आरशाजवळ एखादा थर नसलेला चौकोन ठेवलेला असतो, डिटेक्टर त्याच्या मागे बसवून बघा.