पोटाला निरोप कसा पाठवावा

दहावीच्या परीक्षेची सकाळ. शाळेच्या फाटकाशी एक मुलगी पोट धरून उभी होती. हातात पॅड, ओठ सुकलेले. "बाई, सकाळपासून तीनदा जाऊन आले, तरी कळ थांबत नाही. आणि काही खायला गेले की उमासे येतात." आदल्या रात्री घरी सगळ्यांनी जेवलं तेच तीही जेवली होती, बाकी कुणाला काही झालं नव्हतं.

गोव्यात फोंडा तालुक्यात पंचवीस वर्षं विज्ञान शिकवताना अशा मुली मी दर परीक्षेला पाहिल्या. त्यांच्या पोटात काही बिघडलेलं नसतं. मेंदूकडून पोटाला भलता निरोप गेलेला असतो. आपल्या भाषेला हे कधीचं ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो, तोंडचं पाणी पळतं, आणि आवडीचा पदार्थ दिसला की तेच पाणी परत सुटतं. हे निरोप कुठल्या वाटेने जातात ते कळलं, तर त्यातले बरेचसे आपल्याला हवे तसे पाठवता येतात. कसे, ते सकाळपासून सुरुवात करून सांगते.

आधी वाटा बघू. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं एक जाळं विणलेलं आहे. त्यात दहा कोटींहून जास्त पेशी आहेत. घास पुढे ढकलायचा, कुठे थांबवायचा, कुठे रस सोडायचा, हे हे जाळं स्वतःच ठरवतं. बेलिस आणि स्टार्लिंग या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी 1899 मध्ये दाखवलं, की बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडं घासाच्या मागे आवळतं आणि पुढे सैल होतं. मुलांना मी पंचायतीचं उदाहरण देत असे. गावचं रोजचं काम पंचायत बघते, पणजीहून फक्त परिपत्रक येतं: वेग वाढवा, वेग कमी करा. वेग वाढवणारं परिपत्रक मुख्यतः व्हेगस नावाच्या नसेतून येतं. ती मेंदूच्या बुडाशी निघून मान आणि छातीतून पोटात उतरते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला असेच निरोप कमरेखालच्या मणक्यांतल्या नसांतून मिळतात. आणि संकटाच्या वेळी 'पचन थांबवा' असं सांगणाऱ्या नसा पाठीच्या कण्यातून येतात. व्हेगसमधले सुमारे 80 टक्के धागे मात्र उलट दिशेचे आहेत, पोटाची खबर मेंदूला देणारे. म्हणून पोट बिघडलं की माणूस चिडचिडा होतो. त्याला स्वभाव म्हणून नावं ठेवू नयेत असं मला नेहमी वाटतं.

सकाळी: आधी पोटात काही जाऊ द्या, मग बसा

जठरात अन्न पडून ते ताणलं, की नसांमार्फत मोठ्या आतड्याला इशारा जातो: जागा करा. हा इशारा सकाळी सगळ्यात जोरकस असतो. म्हणून उठल्यावर पेलाभर कोमट पाणी किंवा चहा घ्या, सोबत उंड्याचा (आमच्या गोव्यातल्या पावाचा) तुकडा, केळं, काहीही थोडं खा. मग पंधरा-वीस मिनिटं घरातलं काम करा. आणि रोज त्याच सुमारास शौचाला बसा, भावना झाली असो वा नसो. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्या. गुडघे वर आले की गुदाशयाला वळसा घालून आवळून धरणारा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. कुंथू नका. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. फोन बाहेर ठेवा. दोन-तीन आठवडे असं नेमाने केलं की बऱ्याच जणांचं आतडं ती वेळ धरतं.

भावना झाली की दाबू नका, हे मात्र मला जरा जास्त सांगायचं आहे. गुदद्वाराला दोन दरवाजे आहेत. आतला आपल्याला न विचारता सैल होतो, बाहेरचा आपल्या हुकमात असतो. बाहेरचा आपण बंद धरला तर थोड्या वेळाने गुदाशय ताण सोडतं, भावना विरते आणि मळातलं पाणी आतडं शोषत राहतं. मळ कडक होतो. महिनोन्महिने हेच केलं की गुदाशय ताणाला सरावतं आणि इशाराच क्षीण होतो. मी स्वतः पहिली बस चुकू नये म्हणून कित्येक वर्षं हे केलं आणि मूळव्याध ओढवून घेतली. शाळेतल्या मुली तर संडास घाण असतो, कडी लागत नाही, म्हणून दिवसभर धरून ठेवतात. पालकांनो, शिक्षक-पालक सभेत गुणांच्या आधी संडासाच्या कडीबद्दल विचारा.

जेवणाआधी: वास घ्या

कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी सगळ्यांना माहीत असलेल्या रशियन शास्त्रज्ञ पावलोवना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. त्यांनी दाखवलं, की अन्न जठरात पोचायच्या आधीच जठररस सुटू लागतो, आणि तो निरोप व्हेगस नेते. एका जेवणासाठी लागणाऱ्या आम्लापैकी साधारण तिसरा हिस्सा असा नुसत्या दिसण्या-वासा-चवीवर सुटतो.

आमच्या स्वयंपाकघरात बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमटीत, ठेचलेली तिरफळं पडली, की तो झणझणीत वास ओसरीपर्यंत जातो आणि पेपर वाचणारी माणसं आपोआप घडी घालतात. तेवढ्यात पोटाची तयारी सुरू झालेली असते. ही मिनिटं वाया घालवू नका. ताट वाढल्यावर एकदा नीट बघा, वास घ्या, पहिले चार-पाच घास काही न बोलता सावकाश चावा. फोनवरच्या बातम्यांत डोकं घालून जेवणाऱ्याच्या मेंदूला ताटाची पुरती खबरच लागत नाही.

भांडण झालेलं असेल तर जेवण अर्धा तास पुढे ढकला. विल्यम ब्यूमाँट या अमेरिकी लष्करी डॉक्टरकडे 1822 मध्ये बंदुकीच्या गोळीने पोटाला भोक पडलेला एक तरुण आला. जखम भरली, भोक राहिलं. त्यातून ब्यूमाँट काही वर्षं जठरात डोकावत राहिले, आणि तरुण रागावला की आतलं काम बिघडतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

पोट भरल्याची खबर मेंदूत रुजायला वीसेक मिनिटं लागतात. दुसऱ्यांदा भात घेण्याआधी थोडं थांबा.

दोन खाण्यांमध्ये: पोट रिकामं राहू द्या

पोट रिकामं झालं की दर दीड ते दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं झाडून नेते. पोटात कावळे ओरडतात ते बहुतेक हिच्यामुळेच. काही खाल्लं की हा केर काढणं थांबतं. म्हणून दोन खाण्यांत तीन-चार तास सोडा, येता-जाता डब्यातली चकली तोंडात टाकू नका. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांनी दिलेल्या वेळाच पाळाव्यात.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त, 26.4 टक्के, गोव्यात आढळलं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली तर व्हेगसलाही इजा होते आणि जठर अन्न पुढे ढकलायला उशीर लावतं. चार घासांत पोट भरतं, तासन्‌तास जड राहतं, उलटी होते. घरातल्या मधुमेही माणसाची अशी तक्रार असेल तर ती नुसतं अजीर्ण म्हणून सोडून देऊ नका.

भीती वाटली की: श्वास

घाबरल्यावर जठर मंदावतं आणि मोठं आतडं घाई करतं. खाल्लं जात नाही आणि पळावंही लागतं, ते यामुळेच. पोटाला 'थांब' म्हणून ते थांबत नाही, पण श्वास आपल्या हातात आहे, आणि लांब उच्छ्वासात व्हेगसचा जोर वाढतो.

पाठ टेकून बसा, पाय जमिनीला लावा. एक हात बेंबीच्या वर ठेवा. नाकाने चार मोजत श्वास घ्या, हात पुढे आला पाहिजे. मग सहा मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. गरगरलं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. आणि हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाल्यावर पाच मिनिटं बसलं, की अंगवळणी पडतं. परीक्षेच्या सकाळी मुलाला पुरी-भाजी खायला लावू नका. तुपातेलाचं जठरात जास्त वेळ राहतं. मीठ घातलेली मऊ पेज पुरे.

भीतीवरून आठवलं: पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. हे 1756 मध्ये गोव्यातल्या कांदोळीत जन्मलेले पाद्री. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभं राहिल्यावर त्यांना शब्दच फुटेना, तेव्हा वडील हळूच कोकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी" (समोरचे सगळे म्हणजे नुसती भाजी, घाबरू नकोस), आणि ते धडाधड बोलू लागले, अशी गोष्ट गोव्यात घरोघरी सांगतात. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाची शक्ती समोरच्याच्या मनात असते असं मांडलं. 1984 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी चाचणी घेऊन दाखवलं, की वारंवार कळ, फुगणं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ अशा हळव्या आतड्याच्या रुग्णांना संमोहनाने आराम पडतो. तपासण्या चांगल्या येऊनही त्रास राहिला तर मनाच्या डॉक्टरकडे जायला संकोच करू नका. दुखणं खरंच असतं.

हे दिसलं तर घरचे उपाय बंद

शौचात रक्त, डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना घटणारं वजन, गिळताना अडकणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पंचेचाळिशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय: यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर.

आणि 'गॅस' या शब्दापासून सावध राहा. हृदयाकडून आणि जठराकडून येणाऱ्या वेदनेच्या खबरा पाठीच्या कण्यात शेजारीशेजारी पोचतात, त्यामुळे दुखतंय कुठे हे ओळखताना मेंदूची गल्लत होऊ शकते. पोटाच्या वर जळजळ किंवा दडपण, सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ आली तर सोडा पिऊन ढेकराची वाट बघत बसू नका. 108 ला फोन करा, आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी शेजाऱ्याचं दार वाजवा.