मॉडेल रॉकेट उडवताना या चुका टाळा

अमेरिकेतील आमच्या क्लबमध्ये उड्डाणाच्या दिवशी सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे असते, आणि दर मोसमात मला एकच चूक पुन्हा पाहावी लागते: बटण दाबूनही मोटर पेटली नाही की माणूस लगेच पॅडकडे, म्हणजे रॉकेट उभे असते त्या स्टँडकडे, धावतो. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा-नियमांनुसार अशा वेळी कंट्रोलरची, म्हणजे बटण असलेल्या पेटीची, किल्ली काढावी किंवा बॅटरी सोडवावी आणि शेवटच्या प्रयत्नानंतर ६० सेकंद कोणालाही जवळ जाऊ देऊ नये.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. मोटर पेटली नाही, तेव्हा किल्ली कंट्रोलरमध्येच ठेवून ते पॅडपाशी गेले आणि कंट्रोलरच्या वायरची सुटलेली क्लिप त्यांनी पुन्हा बसवली. त्याबरोबर कंट्रोलरवरचा दिवा लागला. 'दिवा लागला की बटण दाब' असे त्यांनीच शिकवले होते, म्हणून मुलीने बटण दाबले. झोताने त्यांचा तळहात भाजला. ते आणखी वीतभर वाकलेले असते तर चेहरा सापडला असता. मुलीचे काहीच चुकले नव्हते. तेव्हापासून माझा आग्रह असतो की, जो पॅडकडे जाईल त्याच्याच खिशात किल्ली असावी, आणि ती सांभाळायला दुसऱ्या कोणाकडे देऊ नये.

मोटर न पेटण्याचे कारण बहुधा साधे असते. इग्नायटरचे (मोटर पेटवणाऱ्या बारीक तारेचे) टोक नोझलच्या, म्हणजे मोटरच्या खालच्या तोंडाच्या, आत इंधनाला टेकलेले नसते, किंवा दोन्ही क्लिपा एकमेकींना अथवा खालच्या धातूच्या पत्र्याला लागलेल्या असतात. मी जुना इग्नायटर सरळ करून पुन्हा वापरत नाही. नवा घेतो, शेवटपर्यंत सरकवतो आणि प्लगने घट्ट बसवतो. नवशिक्यांना जुना इग्नायटर वापरण्याची काटकसर मोठी वाटते, पण तिच्यामुळे पॅडकडे एक फेरी वाढते, आणि अपघात त्याच फेरीत होतात.

मोटरची ताकद इंग्रजी अक्षराने सांगतात; डी किंवा त्याहून लहान मोटरसाठी किमान १५ फूट, मोठ्या मोटरसाठी ३० फूट दूर उभे राहावे. लाँच रॉडच्या, म्हणजे रॉकेटला सरळ वर नेणाऱ्या पॅडवरच्या दांडीच्या, टोकावर टोपी घालावी, कारण वाकणाऱ्याच्या डोळ्याला ते टोक सहज लागते. वारा ताशी २० मैलांच्या वर गेला की उड्डाण थांबवावे, मुले कितीही हिरमुसली तरी. पॅराशूटखाली न जळणारे वॅडिंगच (पॅराशूटला मोटरच्या उष्णतेपासून वाचवणारा कागदाचा थर) भरावे. साधा टिश्यू पेपर पेटून सुक्या गवतावर पडतो. विजेच्या तारांत अडकलेले रॉकेट काढायला कोणीही काठी घेऊन जाऊ नये. ते तिथेच सोडावे.