जुन्या घराचे पर्यावरणस्नेही नूतनीकरण: कोणते काम आधी?

पुण्यात जुन्या घराचे काम निघाले की सुरुवात बहुधा पाडकामाने होते, आणि मला तेच सर्वाधिक खटकते. विटा, सिमेंट आणि लोखंड तयार करताना खर्च झालेली ऊर्जा राडारोड्याबरोबर वाया जाते व नव्या बांधकामासाठी पुन्हा खर्च करावी लागते. त्यामुळे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून इमारत तपासून घ्यावी आणि सागवानी चौकटी, शहाबादी फरशी, दगडी जोते यांपैकी काय राखता येईल ते ठरवावे. पेठांतील वाड्यांच्या चुना-मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते आणि भिंत पोखरली जाते. तेथे चुन्याचाच गिलावा हवा.

त्यानंतर उष्णतेकडे वळावे. वरच्या मजल्यावर सर्वाधिक उष्णता छतातून येते, म्हणून गच्चीची गळती काढून, उताराच्या कोब्यावर ऊन परतवणारे चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, करावे. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेचे कलते ऊन मात्र छज्ज्याखालून आत शिरते, त्यासाठी उभ्या पट्ट्या, बांबूचे पडदे किंवा झाड लागते. हे पडदे काचेच्या बाहेरच असावेत, कारण ऊन काचेतून आत आले की उष्णता घरात शिरलेलीच असते. पुण्यातील उन्हाळी रात्री दुपारच्या मानाने बऱ्याच थंड असतात. समोरासमोरच्या खिडक्या रात्री उघड्या ठेवून सकाळी ऊन तापण्यापूर्वी बंद केल्यास जाड भिंतींचा गारवा दुपारपर्यंत टिकतो.

मग पावसाच्या पाण्याची सोय पाहावी. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवरून, गळती-बाष्पीभवन वजा जाता, साधारण ५० हजार लिटर पाणी मिळू शकते. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, उरलेले गाळून साठवावे किंवा जमिनीत मुरवावे. मात्र शोषखड्डा अखंड काळ्या पाषाणात खोदून उपयोग नाही. पाणी मुरूम आणि भेगाळलेल्या थरातच मुरते, म्हणून जागा भूजलाच्या जाणकाराला दाखवूनच ठरवावी.

सौरऊर्जा शेवटी घ्यावी, कारण विजेची गरज आधी कमी झाली की संच लहान पुरतो. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते; केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल दक्षिणाभिमुख बसवावेत, आणि त्यापूर्वी शेजारच्या इमारतीची सावली डिसेंबरमध्ये, म्हणजे ती सर्वांत लांब पडते तेव्हा, तपासावी.